‘चिमणी’चा कर्ता

जिनदत्तने पोस्टमनच्या हातून तीन कार्डं घेतली आणि फाटकाशीच उभं राहून ती पालथी करून वाचली. चित्रं त्याने नंतर पाहिली. एक पोर्तुगालचं होतं, एक ब्राझीलचं, आणि तिसऱ्यावर बर्फात गुडघाभर बुडालेल्या लाल घरांची रांग होती. मजकूर तिन्हींवर जवळपास सारखाच. तुमचा प्रोग्रॅम फार उपयोगी पडला. फुकट दिल्याबद्दल आभार. खाली सही, आणि वर स्वच्छ अक्षरात त्याचं नाव, विश्रामबागेतल्या घराचा पत्ता, सांगली, इंडिया.

“कुठलं आलंय रे?” चंपाबाईंनी पुढच्या सोप्यातून विचारलं.

“स्वीडनचं आहे एक.”

“बर्फाचं? आन इकडं.”

आईने कार्ड डोळ्यांजवळ धरलं, घरं मोजली, आणि ते पत्र्याच्या डब्यात बाकीच्यांवर ठेवलं. डब्यात आता शंभराच्या वर कार्डं झाली होती. शेजारच्या शालूबाई आल्या की डबा उघडायचा. चंपाबाईंना इंग्रजी येत नव्हतं, पण आपल्या मुलाने काय केलं ते त्या बरोबर सांगायच्या. “कंपूटरात घालायचं काय तरी केलंय त्यानं. मोठा फोटो बारीक करतंय ते. आनि साऱ्या जगाला फुकट दिलं. देवळात पोथ्या वाटत्यात न्हवं, त्या शास्त्रदानासारखंच की हो हे.”

जिनदत्त अशा वेळी आत निघून जायचा. शालूबाई म्हणायच्या, “किती लाजतात तुमचे जिनदत्त!”

प्रोग्रॅम जिनदत्तने केलेला नव्हता.

तो शहरातल्या एका तंत्रनिकेतनात शिकवायचा आणि संध्याकाळी तिथेच बाहेरच्यांसाठी संगणकाचा वर्ग घ्यायचा. सत्त्याण्णवच्या जूनमध्ये या वर्गात पलूसचा सिद्धू कोळेकर आला. वय चाळिशीला टेकलेलं, डोक्याला टक्कल पडू लागलेलं, बोटांची नखं फोटो धुण्याच्या औषधांनी तपकिरी झालेली. पलूसच्या स्टँडसमोर त्याचा फोटो स्टुडिओ होता. एका दूध संघाने त्याला चार हजार सभासदांच्या ओळखपत्रांचं काम दिलं होतं. फोटो काढून, स्कॅन करून, प्रत्येकाचं तिकिटाएवढं चित्र करायचं. एकेक फोटो उघडा, लहान करा, साठवा, बंद करा. दोनशे फोटोंनंतर सिद्धू वर्गात येऊन म्हणाला होता, “सर, ह्यो गाढवाचा धंदा हाय. हे कंपूटरलाच करायला लावता येतंय का न्हाई?”

येतं, असं जिनदत्तने सांगितलं आणि दोन पुस्तकं दिली. त्यापुढचं सगळं सिद्धूने केलं. सहा महिने तो आठवड्यातून तीनदा एसटीने यायचा, वर्ग संपला तरी शेवटच्या मशीनवर बसून राहायचा. डिसेंबरात त्याने प्रोग्रॅम चालवून दाखवला. एक फोल्डर निवडायचं, बटण दाबायचं, की त्यातले सगळे फोटो एकामागून एक लहान होत जायचे. पण खरी गंमत ती नव्हती. लहान झालेले चेहरे ठसठशीत होते. जिनदत्तने असं कुठल्याच विकतच्या प्रोग्रॅममध्ये पाहिलं नव्हतं.

“हे कसं केलंस?”

“फोटो बारीक केला की मानूस झोपंतनं उठल्यागत दिसतंय, सर. डोळं जात्यात पहिलं. पासपोर्टच्या फोटोला आमी पेन्सिल लावतो की, तसंच. आधी बारीक करायचा, मग डोळ्याला जरा धार द्यायची. मोठ्यालाच धार दिली तर बारीक करताना ती परत जाती.”

लहान झालेल्या चित्रांना बाहेर थंबनेल म्हणतात, असं जिनदत्तने सांगितलं. म्हणजे अंगठ्याचं नख. सिद्धूने आपल्या तपकिरी अंगठ्याकडे पाहिलं आणि हसला. प्रोग्रॅमचं नाव त्याने चिमणी ठेवलं होतं.

तेव्हा इंटरनेट तंत्रनिकेतनातही नव्हतं. जिनदत्तने हौसेने घरी घेतलेलं होतं. त्यासाठी संगणकावरून पुण्याला फोन लावायचा, तो लागला तर लागला. फेब्रुवारीतल्या एका रविवारी सिद्धू फ्लॉपी घेऊन त्याच्या घरी आला. चंपाबाईंनी त्याला जेवायला बसवलं. चिमणी सगळ्यांना फुकट द्यायची, हे सिद्धूनेच ठरवलं. “मला तुमी पुस्तकं दिलासा, त्याचं काय घेतलासा? जाऊ दे जगात.” पैशांऐवजी लोकांकडून आपापल्या गावाचं एक पोस्टकार्ड मागावं, ही कल्पना जिनदत्तची. परदेशातले काही लोक तसं करतात, असं त्याने वाचलं होतं.

फोन लागता लागेना. चारची गाडी चुकली तर पुढची थेट साडेसहाला, म्हणून सिद्धू उठला. प्रोग्रॅममध्ये माहितीची एक खिडकी त्याने रिकामीच ठेवली होती. जाता जाता म्हणाला, “तिथं काय लिवायचं ते तुमीच बघा. माझं इंग्लिश कच्चं हाय.”

अर्ध्या तासाने फोन लागला. इंटरनेटवर ज्या ठिकाणी प्रोग्रॅम ठेवायचा होता तिथे एक अर्ज भरायचा होता. कर्त्याचं नाव. पत्ता. ई-मेल. ई-मेल जिनदत्तचा होता, पत्ता त्याचाच द्यायचा होता. नावाच्या चौकटीत त्याने क्षणभर थांबून स्वतःचं नाव टाईप केलं. लाईन तुटायच्या आत उरकायचं होतं. नंतर बदलता येईल, असं त्याच्या मनात आलं होतं, हे त्याला आजही नक्की आठवत होतं. पण मग माहितीच्या खिडकीतही त्याने तेच नाव लिहिलं. तिथे लाईन तुटण्याचा काही प्रश्न नव्हता.

पहिलं कार्ड एप्रिलमध्ये आलं. त्यावर विटांच्या धुराड्यांचं चित्र होतं. पाठवणाऱ्याला चिमणी म्हणजे धुराडंच वाटलं होतं. ते बघून जिनदत्त मोठ्याने हसला आणि आईला दाखवलं. आईने विचारलं, “तुला लिवलंय व्हय रे? परदेशातनं?” तिचा चेहरा असा फुलला होता की तो “हो” म्हणाला.

मे महिन्यात सिद्धूचा फोन आला. लग्नसराईमुळे त्याला पलूस सोडता येत नव्हतं.

“सर, टाकलं का न्हाई ते?”

“टाकलंय की.”

“कोन घेतंय का?”

त्या दिवसापर्यंत नऊ कार्डं आली होती. डबा जिनदत्तच्या समोर होता.

“घेतात थोडेफार,” तो म्हणाला.

त्याची बायको प्रीती तेव्हा शेजारच्या खोलीत वह्या तपासत होती. मिरजेच्या एका शाळेत ती शिकवायची. फोन ठेवल्यावर तिने विचारलं, “सिद्धूभाऊंना कार्डं नाही का दाखवणार?” जिनदत्त म्हणाला, येईल तेव्हा दाखवू. तिने पुन्हा कधी तो विषय काढला नाही. कार्ड आलं की ती ते आईकडे द्यायची, स्वतः वाचायची नाही.

कार्डांबरोबर ई-मेलही येत. सगळ्यांना पाठवायला त्याने एक ठरावीक उत्तर तयार केलं होतं. माझा प्रोग्रॅम आवडल्याबद्दल आभारी आहे, तो मी फावल्या वेळात तयार केला, तुमच्या सूचनेकडे लक्ष देतो. जुलै-ऑगस्टमध्ये तीन-चार जणांनी एक दोष कळवला. लहान फोटो कुठे ठेवायचे ते सांगायचं राहिलं, तर चिमणी त्यांना मूळ फोटोंच्या जागीच ठेवत होती. मोठे फोटो पुसले जात होते. सिद्धू नेहमीच वेगळं फोल्डर करायचा, म्हणून त्याच्या हे लक्षात आलं नसावं.

जिनदत्तने दोष काढायला बसून पाहिलं. सिद्धूने प्रोग्रॅमात जागोजागी इंग्रजी अक्षरांत मराठी टिपा लिहून ठेवल्या होत्या. ‘हितं धार द्यायची.’ ‘ह्याला हात लावू नगो.’ जिनदत्तने एक ओळ बदलली तर प्रोग्रॅम चालेनासाच झाला. ती ओळ पुन्हा होती तशी केल्यावर तो चालू लागला. सिद्धूला विचारलं असतं तर तासाभराचं काम होतं. पण विचारायचं म्हणजे सगळंच सांगायचं. त्याने त्या लोकांनाही ठरावीक उत्तर पाठवलं.

नोव्हेंबरात साताऱ्याच्या एका संगणकप्रेमी मंडळाने त्याला बोलावलं. कुणीतरी कुठेतरी त्याचं नाव वाचलं होतं. शाळेच्या सभागृहात साठ-सत्तर माणसं होती. शाल दिली, नारळ दिला. नंतर पहिल्या रांगेतले एक वृद्ध गृहस्थ उठले. वाईला त्यांचा छापखाना होता, त्यांना सगळे तात्या म्हणत होते.

“मी तुमची चिमणी रोज वापरतो,” तात्या म्हणाले. “पन्नास वर्षं फोटोंचे धातूचे ब्लॉक करून घेतले, चेहरे छापले. लहान चेहरा इतका जिवंत कधी आला नव्हता. हे तुम्हांला सुचलं कसं?”

सगळे त्याच्याकडे बघत होते. जिनदत्तच्या खांद्यावर शाल होती आणि सभागृहात उकडत होतं. सिद्धूचे शब्द त्याला तोंडपाठ होते. झोपेतून उठल्यासारखा माणूस, डोळे, पेन्सिल. ते सांगितले असते तर टाळ्या पडल्या असत्या.

“ते सगळं गणित आहे,” तो म्हणाला.

तात्यांनी मान हलवली, पण त्यांना उत्तर पुरलं नव्हतं, हे दिसत होतं. ते खाली बसले. परतीच्या गाडीत उंब्रजपर्यंत जिनदत्तने शालीची घडी मांडीवर धरली होती. तिथे गाडी थांबली तेव्हा त्याने ती पिशवीत सगळ्यात खाली घातली.

जानेवारीत हेलन नावाच्या एका बाईचा ई-मेल आला. कॅनडाच्या कुठल्याशा बंदराच्या गावची. जिनदत्त पहाटे लवकर उठून फोन लावायचा, तेव्हा लाईन चांगली मिळायची. त्याने तो मजकूर उभ्याउभ्याच वाचला आणि मग खुर्चीत बसून पुन्हा वाचला.

तिचे वडील ती सात वर्षांची असताना वारले होते. त्यांचे फोटो फक्त आत्याकडे होते. दोन वर्षांपूर्वी तिने अल्बम मागून घेतला, ऑफिसात बसून चाळीस फोटो स्कॅन केले, अल्बम परत केला. पुढच्याच वर्षी आत्याच्या घराला आग लागली. डिसेंबरात नातेवाइकांना दाखवायला लहान चित्रं करावीत म्हणून तिने चिमणी वापरली. मोठे फोटो गेले. तिने शिव्या दिल्या नव्हत्या. दुसरी प्रत ठेवली नाही ही माझीच चूक, असं म्हटलं होतं. फक्त काही उपाय असेल तर सांगा. शेवटी लिहिलं होतं, माझे वडील आता टपालाच्या तिकिटाएवढे उरले आहेत. डोळे मात्र अगदी स्पष्ट दिसतात.

जिनदत्तने ठरावीक उत्तर उघडलं आणि बंद केलं. बाहेर उजाडलं. चंपाबाई देवळात जायला निघाल्या तेव्हा तो सोप्यात येऊन उभा राहिला.

“आई, डबा दे.”

“आत्ता? कशाला?”

“कार्डं सिद्धूला द्यायचीत. त्याची आहेत.”

त्याने सांगायला सुरुवात केली. मध्येच थांबून पाणी प्यायला. स्वयंपाकघरात भाजी चिरणाऱ्या प्रीतीच्या विळीचा आवाज थांबला होता. चंपाबाई हातातलं अक्षतांचं तबक तसंच धरून ऐकत राहिल्या.

“तो जेवून गेला आपल्याकडं,” शेवटी त्या म्हणाल्या. “म्या वाढलं त्याला.”

“हो.”

“आनि मी शालूबाईस्नी, देवळात साऱ्यास्नी...” त्यांनी तबक खाली ठेवलं, कपाटातून डबा काढला. डबा एसटीत उघडेल म्हणून कार्डं स्वतःच्या एका जुन्या पातळाच्या तुकड्यात बांधली. गाठ दोनदा मारली. त्या दिवशी त्या देवळात गेल्या नाहीत.

पलूसच्या स्टुडिओत सिद्धू एका म्हाताऱ्याचा फोटो काढत होता. पेन्शनच्या कागदाला लावायचा होता. सिद्धूने म्हाताऱ्याची टोपी सरळ केली, हनुवटी बोटाने वर उचलली. दारात जिनदत्त दिसला तसा म्हणाला, “आवं सर! कळवायचं तरी. बसा, बसा.” आणि परत कॅमेऱ्यामागे गेला. फोटो झाल्यावर म्हाताऱ्याला दारापर्यंत पोचवून आला, चहा सांगितला.

जिनदत्तने चहाची वाट पाहिली नाही. गाठ सोडून कार्डं काउंटरवर ठेवली.

“ही तुझी आहेत. चिमणीसाठी आलेली. मी तिथे माझं नाव घातलं होतं, सिद्धू. पहिल्या दिवसापासून.”

सिद्धूने हात पुसले. एकेक कार्ड उचलून कडेला धरून पाहिलं, जसा तो फोटो धरत असे, बोटं न लागू देता. बर्फातल्या लाल घरांपाशी थांबला.

“छपाई लय सुंदर हाय, सर.”

“तू ऐकलंस ना मी काय म्हणालो?”

“ऐकलं की. ठावं हाय मला.” तो पडद्यामागे गेला आणि एक घडी घातलेला कागद घेऊन आला. “कोल्हापुरात इंटरनेटचं दुकान निघालंय. जुलैत गेलतो. चिमणी सापडंना, तवा त्या दुकानवाल्यानंच सोधून दिली. मग त्याच्याच पत्त्यावरनं म्या हे पाठिवलं. इंग्लिश त्याचं हाय.”

कागदावर वरती चार ओळी होत्या. वेगळं फोल्डर दिलं नाही तर मूळ फोटो जातो, कृपया दुरुस्त करावं. आणि, हा प्रोग्रॅम कुणी तयार केला? त्याखाली उत्तर छापलेलं होतं. माझा प्रोग्रॅम आवडल्याबद्दल आभारी आहे. तो मी फावल्या वेळात तयार केला. तुमच्या सूचनेकडे लक्ष देतो.

खाली जिनदत्तचं नाव होतं.

चहा आला. आणणाऱ्याने दोन्ही कप कार्डांशेजारी ठेवले, तसे सिद्धूने कार्डं बाजूला सरकवली.

“मग फोन का नाही केलास?” जिनदत्तने विचारलं.

“काय म्हनू फोनवर? माझं नाव घाला म्हनू?” सिद्धू चिडून बोलत नव्हता. “ते तुमी आपनहून घालायचं हुतं.”

जिनदत्तने चहाला हात लावला नाही. त्याने खिशातून हेलनच्या पत्राचा कागद काढला आणि मराठीत सांगत सांगत वाचून दाखवला. सिद्धू उभा होता तो स्टुलावर बसला.

“किती फोटो म्हनलासा?”

“चाळीस.”

“एक बी न्हाई ऱ्हायला?”

“नाही.”

“बारक्याचा मोठा हुत न्हाई, सर. जे गेलं ते गेलं.” त्याने तपकिरी अंगठा काउंटरच्या कडेवर घासला. मग खालचा खण ओढून एक फ्लॉपी बाहेर काढली. तिच्यावर त्याच्या अक्षरात तारीख होती, एकोणीस जुलै. “हे बघा. दुरुस्त केल्यालं हाय. त्याच आठवड्यात केलं. आता मोठ्याला हातच लावत न्हाई ते.”

“जुलैपासून तुझ्याकडे आहे?”

“व्हय. तुमचं उत्तर आलं, तवा म्हनलं, ह्यांचा प्रोग्रॅम हाय न्हवं, करू देत ह्यांनाच. पोस्टात टाकली असती तर दोन दिवसांत पोचली असती तुमच्याकडं.” त्याने बाहेर स्टँडकडे पाहिलं. “लोकांचं फोटो काढून पोट भरतो मी. आनि त्या बाईचा बाप माझ्या खणात पडून ऱ्हायला सहा महिनं.”

रस्त्यावरून द्राक्षांच्या पेट्या भरलेला टेम्पो गेला. दोघांनीही तो पार जाईपर्यंत पाहिला.

“मी उद्याच नवीन प्रोग्रॅम टाकतो,” जिनदत्त म्हणाला. “तुझ्या नावाने. तिलाही तसं कळवतो.”

“नाव घाला माझं. ते घालायलाच पायजे. पन त्या बाईला पत्र तुमी लिवा, तुमच्या नावानं. तिनं तुमास्नी लिवलंय.” सिद्धूने फ्लॉपी पुढे केली. “माझ्या नावानं पयलं पत्र असलं जायला नगो.”

पत्र लिहायला जिनदत्तला तीन दिवस लागले. दोष मला जुलैपासून माहीत होता, तो मी वेळेवर काढला नाही, तुमचे फोटो माझ्या दिरंगाईने गेले, असं त्याने लिहिलं. का काढला नाही, त्याचाही एक परिच्छेद होता. तो त्याने दोनदा लिहिला, दोनदा खोडला. शेवटी तिथे ‘काही अडचणींमुळे’ एवढेच शब्द ठेवले आणि पाठवून दिलं. नवीन चिमणीत, अर्जात आणि माहितीच्या खिडकीत, सगळीकडे त्याने एकच नाव ठेवलं, सिद्धू कोळेकर, पलूस. स्वतःचं नाव काढून टाकताना त्याला हलकं वाटलं. आता सगळं जागच्या जागी बसेल, असं वाटलं.

आठवड्याभराने वाईहून तात्यांचं पत्र आलं. नवीन चिमणी मिळाली. हे कोळेकर तुमच्या वर्गातलेच असणार. आपल्या विद्यार्थ्याला पुढे आणण्यासाठी गुरूने स्वतःचं नाव मागे घ्यावं, हे आजकाल कुठे पाहायला मिळतं? मंडळाच्या पुढच्या बैठकीत मी याचा आवर्जून उल्लेख करणार आहे.

तंत्रनिकेतनातही कुणाकुणाला कळलं. प्राचार्यांनी व्हरांड्यात त्याच्या पाठीवर हात ठेवला. “मोठं मन लागतं, आवटी.” जिनदत्त म्हणाला, “तसं नाही, सर, तो खरंच त्याचाच आहे.” प्राचार्य आणखीच कौतुकाने हसले आणि पुढे गेले.

घरी चंपाबाईंनी एकदाच विचारलं, “सांगितलास का साऱ्यास्नी?” तो म्हणाला, सांगतोय. शालूबाई आल्या, तेव्हा आईने त्यांना स्वतःहून सांगितलं होतं, अगदी स्पष्ट. माझ्या लेकाचं न्हाई ते, दुसऱ्याचं हाय, ह्यानं आपलं नाव लावलं हुतं. शालूबाईंनी ते ऐकून घेतलं होतं आणि आता जिनदत्तशी बोलताना त्या दाराच्या चौकटीकडे बघून बोलत. घराबाहेर सगळ्या गावात तेवढ्या एकीलाच खरं कळलं होतं, आणि तिला भेटायचं तो टाळू लागला.

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात हेलनचं उत्तर आलं. जिनदत्तने ते वाचलं. शनिवार होता, दुपारची वेळ. प्रीती शाळेतून आली नव्हती, आई पडली होती. त्याने फोन जवळ ओढला आणि पलूसचा नंबर फिरवला.

“त्या बाईचं पत्र आलंय, सिद्धू.”

“काय म्हनती?”

“वाचून दाखवतो.” त्याने एकेक वाक्य मराठीत सांगितलं. फोटोंचं दुःख आहेच. पण एका चुलत भावाकडे वडिलांचे दोन फोटो निघाले, लग्नातले. ते ती आता तीन ठिकाणी ठेवणार आहे. नवीन चिमणी तिने घेतली, व्यवस्थित चालते.

“बरं झालं,” सिद्धू म्हणाला. “दोन तरी मिळालं. आनि?”

उरलेल्या ओळी पडद्यावर होत्या. त्या सोडून दिल्या असत्या तरी सिद्धूला कळायचं कारण नव्हतं. जिनदत्तने रिसीव्हर दुसऱ्या हातात घेतला.

“पुढे लिहिलंय, ‘चूक झाली असं सरळ कबूल करणारी माणसं मला फार भेटली नाहीत. नवीन प्रोग्रॅममध्ये तुम्ही स्वतःच्या जागी तुमच्या मदतनिसाचं नाव दिलेलं पाहिलं. तुम्ही प्रामाणिक आणि उदार माणूस आहात.’”

तिकडे मागे एसटीचा कंडक्टर कुठल्या तरी गावाचं नाव पुकारत होता.

“मग तुमी काय लिवलासा तिला?”

“अजून काही नाही.”

“बरं,” सिद्धू म्हणाला. “ठेवतो, सर. गिऱ्हाईक बसलंय.”

फोन ठेवून जिनदत्तने उत्तराची खिडकी उघडली. सिद्धू कोळेकर माझा मदतनीस नाही, हे पहिलं वाक्य त्याने लगेच लिहिलं. दुसरं वाक्य ‘मी’पासून सुरू करायचं होतं. प्रीती शाळेतून आली, तिने चपला काढल्या, आत जाऊन पाणी प्यायली आणि दारात येऊन उभी राहिली, तरी त्याची बोटं त्या एका अक्षरावरच होती.